नायकाचा धुरा

दिपानं ते ठरवलं दवाखान्यात. हिंगोलीत, लेकरांच्या वॉर्डात, खिडकीकडच्या कॉटवर. चार वर्षांच्या सेजलच्या तोंडाला वाफेचं मशीन लावलं होतं. श्वास घेताना तिच्या बरगड्यांमधली कातडी आत ओढली जायची आणि दिपा ते मोजत बसली होती. मिनिटाला पन्नास. पुन्हा मोजलं, बावन्न. तेवढ्यात तिची सासू निर्मलाबाई फोन हातात घेऊन व्हरांड्यातून आत आली आणि सुनेकडे न बघता तिनं सांगितलं, बंजारा तांड्याचे प्रमुख खेमा नायक स्वतःच्या ओट्यावर बसून चारचौघांत काय बोलले ते.

"उन्हाळा हाय, लेकराला ऊन लागणारच, म्हणले. शिकल्याली सून आणली, तिला लेकरू सांभाळता येईना अन् दोष हवेला, म्हणले."

"लोक हसले?"

निर्मलाबाईला खोटं बोलणं कधी जमलं नाही. "हसले," ती म्हणाली.

दिपा रडली नाही. तिनं सेजलच्या कपाळावरचे घामानं चिकटलेले केस मागं सारले आणि मनाशी एकच वाक्य घट्ट बांधून टाकलं. ज्या तोंडानं बोललास, त्याच तोंडानं, त्याच लोकांसमोर माझ्या लेकराची माफी मागशील.

ऊन लागलंच नव्हतं. धूर लागला होता. खेमा नायकांच्या तांड्यात एप्रिल आला की धुरे पेटवायची रीत. धुरा म्हणजे दोन शेतांमधला बांध. वर्षभर त्यावर गवत आणि बोरी-बाभळीची झुडपं माजतात, उन्हाळ्यात वाळून कोरडीठक्क होतात. एक काडी लावली की काम झालं. मजूर लागत नाही, साप-उंदरं पळतात. पहिली काडी नायकाची, मग बाकीच्यांच्या. त्या वर्षी नायकांनी काडी लावली ती भर दुपारी, वारं सुटलेलं असताना, आणि त्यांचा धुरा नेमका अंगणवाडीच्या मागं. तीन कडुलिंब उभे जळाले. धूर पत्र्याच्या खोलीत शिरला. आत एकवीस लेकरं. अंगणवाडीच्या चांगुणाताईंनी एकेकाला दंडाला धरून बाहेर काढलं. सेजल सगळ्यांत शेवटी सापडली. ती कोपऱ्यात झोपली होती.

घरी सोडताना डॉक्टर कागदावर लिहिता लिहिता म्हणाले, "पुन्हा असा धूर छातीत गेला तर मी काही सांगू शकत नाही, ताई." म्हणजे दिपाकडे बरोबर एक वर्ष होतं. पुढच्या एप्रिलपर्यंत.

पहिला डाव तिनं घाईनं खेळला आणि हरली.

मे महिन्यात सेवालाल महाराजांच्या मंदिरापुढं तांड्याची बैठक होती. दिपा बी.एस्सी. झालेली. तिनं पुसेगावच्या झेरॉक्सवाल्याकडून कागद काढून आणले. मागच्या तीस वर्षांचा पाऊस, पारा चव्वेचाळीसच्या वर गेलेले दिवस, लाल रेषा, निळ्या रेषा. बायकांमधून ती उठली आणि सरळ नायकांकडे तोंड करून बोलायला लागली. हवामान बदलत चाललंय, नायकबाबा. तुम्ही जाळता त्यानं आणखी बिघडतं. लेकरं मरतील.

खेमा नायक तिच्या नवऱ्याचे, संतोषचे, मोठे चुलते. म्हणजे तिचे थोरले सासरे. तांड्यात सून थोरल्या सासऱ्याशी तोंडाला तोंड देऊन बोलत नाही. काही सांगायचंच असलं तर मधे कुणाला तरी घेते, सासूला नाहीतर लेकराला. हे दिपाला ठाऊक नव्हतं असं नाही. लग्नाला सहा वर्षं झाली होती. पण कागद हातात असला की माणसाला वाटतं, आता रीतबीत कुठली.

नायकांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ते संतोषकडे वळले.

"संतोष, तुह्या घरात आता कोण बोलून राहिलं रे?"

हशा झाला. संतोषनं मान खाली घातली.

"उन्हाळा माह्या आज्याच्या टायमालाबी व्हता," नायक सगळ्यांना म्हणाले. "तवा कुणी कागद काढले न्हाई. हे खूळ मोबाईलातून निघालंय. ऊन देवानं दिलं, आता काय देवावर केस करता?"

त्या दिवसानंतर तांड्यात धुराबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. सगळी चर्चा दिपाच्या पदराची. आणि तिसऱ्या दिवशी नायकांनी राहिलेले दोन धुरे मुद्दाम पेटवले. दिपानं पहाटेच सेजलला उचललं, हिंगोलीच्या बसस्टँडवर नेलं आणि दिवसभर एका घरघरणाऱ्या पंख्याखाली तिला मांडीवर घेऊन बसून राहिली. दुसरीकडे जायला जागा नव्हती. सेजलनं तीन वेळा विचारलं, "याडी, आपली बस कवा येणार?" आईला ती याडी म्हणायची, तांड्यातल्या सगळ्या लेकरांसारखी. दिपा म्हणाली, "येईल." आणि तिन्ही वेळा तिच्या डोळ्यांपुढं नायकाचं पागोटं आलं, धुळीत पडलेलं.

घरी आल्यावर निर्मलाबाईनं तिच्यापुढं भाकरी ठेवली आणि म्हणाली, "त्याला हरवाया गेलीस. हरवाया गेलं की तो जिंकतो, चाळीस वर्षं झाली बघते मी. त्याला इचार. इचारलं की तो बोलतो. बोलला की त्याला सोताचं ऐकू येतं."

"मी त्यांच्याशी बोलायचं नाही ना?"

"तू कुठं बोलतीस? लेकरू बोलंल."

दिपानं सासूकडे पाहिलं. निर्मलाबाई शांतपणे ठेचा वाढत होती.

नायक रोज सकाळी शेतावरून परतताना भावाच्या घरी, म्हणजे दिपाकडे, ओट्यावर टेकायचे. पाणी प्यायचे, मग चहा. दुसऱ्या दिवसापासून दिपा दाराच्या आत, पदर कपाळाखाली ओढून बसू लागली. सेजल उंबऱ्यावर.

"सेजल, नायकबाबांना इचार. ते लहान होते तवा पेरणी कवा व्हायची?"

"नायकबाबा, पेरणी कवा व्हायची?"

"मृगात!" नायक म्हणाले. लेकराला उत्तर द्यायला त्यांना काय कमीपणा? "मृग लागला की तिफन भायेर. सातव्या दिवशी रान हिरवं."

"इचार, आन् आता?"

"आता काय," नायकांनी बशीत चहा ओतला. "आता मृग कोरडा जाऊन राहिला. दोनदा पेरा करावा लागतो."

"इचार, असं काहून झालं असंल?"

नायकांनी बशी उचलली. चहा फुंकला. "काळ बदलला, लेकरा," म्हणाले आणि उठून गेले.

'हेच तर सांगत होते मी,' असं ओरडावं असं दिपाला वाटलं. तिनं दात ओठांत रुतवले. ती नायकांशी आदरानं वागत होती. मांजर बिळाकडे बघत बसते, तेवढ्याच आदरानं. चहात साखर त्यांच्या आवडीची, दोन चमचे जास्त. सुपारी कातरून. सकाळी विहिरीबद्दल विचारायचं, पूर्वी पाणी किती हातांवर होतं. दुसऱ्या दिवशी पळसाबद्दल, तिसऱ्या दिवशी थंडीबद्दल. एकदाही स्वतःचं सांगायचं नाही. नायक बोलत आणि दिपा त्यांचं बोलणं साठवत जाई. या माणसाला बांधायचं तर त्याच्याच दोरीनं, हे तिला आता कळलं होतं.

पण नुसत्या बोलण्यानं धुरा वाचत नाही, हेही तिला कळत होतं. नायक गप्पांत काहीही कबूल करतील आणि एप्रिलमध्ये काडी ओढतील, कारण काडी फुकट आणि सोपी. काडीपेक्षा फायद्याचं काहीतरी त्यांच्या डोळ्यांपुढं ठेवायला हवं होतं.

संतोषची अर्धा एकर हळद नायकांच्या हळदीला लागून होती. मधे अंगणवाडीमागचा तोच धुरा. जूनमध्ये लागवड झाली तशी दिपानं आपल्या बाजूचं, पावसानं पुन्हा फुटलेलं गवत विळ्यानं कापून घेतलं. मागच्या वर्षीचं सोयाबीनचं कुटार, मळणीनंतरचा भुसा, घराच्या मागं पडून होता. तो आणि ते गवत तिनं हळदीच्या सऱ्यांवर बोटभर जाड अंथरलं. संतोष कुरकुरला, "लोक हसतील." ती म्हणाली, "त्यांना सवय हाय." सात दिवस ती आणि निर्मलाबाई वाकून अंथरत होत्या. सेजल धुऱ्यावर बसून मुंग्यांशी बोलत होती. तिच्या छातीतली शिट्टी ऐकू येते का, म्हणून दिपा मधूनच थांबून कान द्यायची.

ऑगस्टमध्ये पावसानं एकोणीस दिवस दडी मारली. विजेचा पत्ता नाही, विहिरी अर्ध्या. दुपारी नायकांच्या हळदीची पानं सुरळीसारखी गुंडाळायची. धुऱ्याच्या अलीकडची ताठ उभी. पंधराव्या दिवशी नायक बांधावर उभे राहिले, बराच वेळ. मग काठीनं कुटार बाजूला केलं, खाली वाकले आणि मातीत हात घातला.

"आत गार हाय," ते स्वतःशीच म्हणाले.

दिपा दहा हातांवर तण काढत होती. तिनं मान वर केली नाही. सेजल मधे उभी होती. नायकांनी खाकरून घसा साफ केला आणि पहिल्यांदाच उलट्या बाजूनं विचारलं.

"सेजल, तुह्या याडीला इचार, पाणी कितव्या दिशी देऊन राहिली?"

"याडी, पाणी कितव्या दिशी?"

"बाराव्या, म्हणावं."

"खोटं!" नायक म्हणाले. ते स्वतः पाचव्या दिवशी देत होते आणि तरी पुरत नव्हतं.

"म्हणावं, मोटारीपाशी बसून मोजा."

नायक खरंच मोजायला बसले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या पोरांनी धुऱ्याची दुसरी बाजू कापायला घेतली आणि गवत हळदीत अंथरलं. नायक ओट्यावर येऊन म्हणाले, "सेजल, तुह्या याडीला सांग, गवत माहंच हाय, माह्याच धुऱ्याचं."

"म्हणावं, तुमचंच हाय, नायकबाबा. दरसाल जाळून राहिले व्हते तेच."

नायक हसले. त्यांना तो विनोद वाटला. दिपानं चहाचं आधण उतरवताना तळहातावर चटका बसवून घेतला, तेव्हा निर्मलाबाई हळूच म्हणाली, "त्याचा चहा करताना तू रोज ओठ चावतीस. आता बास कर. काम झालं ना?"

"अर्धं झालं," दिपा म्हणाली.

होळीच्या आठवडाभर आधी बैठक बसली. मंदिरापुढं सतरंज्या, पुरुष एकीकडे, बायका एकीकडे. खेमा नायक नवं लाल पागोटं बांधून आले आणि उभे राहून म्हणाले, "औंदा कुणी धुरा पेटवायचा न्हाई."

गलका झाला. सुरज नावाचा तरणा पोरगा म्हणाला, "मग साप निघाले तर, नायक?"

"कापायचा धुरा. हात काय फक्त मोबाईल घासाया दिलेत?" नायक म्हणाले. "मी बघून राहिलो किती वर्षं. ऊन पहिल्यासारखं राहिलं न्हाई. मृग कोरडा जातो. पाणी खाली गेलं. हे आपल्यालाच भोगावं लागंल, आन् आपल्यालाच सांभाळावं लागंल. धुऱ्याचं गवत हळदीत टाका. माही हळद बघितली ना? पाणी निम्म्यावर आलं."

माही हळद. मी बघून राहिलो. दिपा बायकांत बसून ऐकत होती. शब्द सगळे तिचे होते. नऊ महिने तिनं एकेक करून त्या तोंडात घातले होते आणि आता ते तिथून असे निघत होते, जणू तिथंच उगवले होते.

पुनमचंद नावाचे वयस्क गृहस्थ म्हणाले, "नायक, सांगितलं बरं. पण कुणी पेटवलाच तर?"

नायक फुलले. निवाडा करायचा म्हटलं की ते हमखास फुलायचे. "पैशाचा दंड न्हाई. पैसा कुणीबी भरतो. ज्यानं पेटवला त्यानं पागोटं काढायचं, अंगणवाडीपुढं जायचं, आन् लेकरांच्या पाया पडून माफी मागायची. सगळ्यांसमोर. बराबर?"

"बराबर!" सगळे म्हणाले.

दिपानं हे मागितलंसुद्धा नव्हतं. त्यांनी ते स्वतःच्या हातानं तिच्यापुढं ठेवलं होतं.

आणि त्याच क्षणी निर्मलाबाईच्या बोटांनी तिचं मनगट आवळलं. सासूनं ओळखलं होतं. "नको," ती ओठ न हलवता म्हणाली. "धुरा पेटणार न्हाई. तुला हेच पायजे व्हतं. त्याला डिवचलंस तर उद्या हट्टानं पेटवील."

ते खरं होतं. मेमध्ये तेच झालं होतं. गप्प बसलं तर सेजलचा उन्हाळा नीट जाणार होता. दिपाला हे सगळं लख्ख दिसत होतं, आणि त्याच्या पलीकडे बरगड्यांमधली ती आत ओढली जाणारी कातडीही दिसत होती. पन्नास, बावन्न. हसले, असं सासू म्हणाली होती. आज इथं बसलेले हेच सगळे.

ती मांडीवरच्या सेजलच्या कानाशी वाकली.

सेजलला वाटलं, रोजच्यासारखंच आहे. ती उभी राहिली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "नायकबाबा, याडी इचारते, ज्यानं आधीच पेटवला, त्याला?"

मंदिरावरच्या झेंड्याची फडफड ऐकू यायला लागली. संतोषनं दोन्ही हातांनी डोकं धरलं. सेजलनं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. एवढी सगळी माणसं एकदम गप्प झालेली तिनं कधी पाहिली नव्हती. ती मागं सरकली, आईच्या पदरात शिरली, आणि दिपाला तिच्या छातीचे ठोके स्वतःच्या पोटावर लागले, भरभर. धूर नव्हता, ही भीती होती, आणि ती दिपानं स्वतः तिच्यात घातली होती. एका क्षणापुरतं तिला वाटलं, शब्द परत घेता आले तर. पण फक्त एका क्षणापुरतं. मग तिनं पदर थोडा मागं सारला आणि नायकांकडे सरळ पाहिलं.

नायकही तिच्याकडेच बघत होते. पहिल्यांदा. शिवी हासडतील, काठी उचलतील, उठून जातील, यातलं काहीही होऊ शकत होतं.

ते उठले. सतरंजीवरून चालत अंगणवाडीच्या वाटेला लागले. चाळीस पावलं असतील. लोक मागून गेले, संतोष सेजलला कडेवर घेऊन. जळालेल्या कडुलिंबांच्या खुंटांपाशी नायक थांबले, पागोटं काढलं. आतलं डोकं पांढरंफेक होतं, कपाळावर उन्हाची रेघ. संतोषनं सेजलला कडेवरून खाली उतरवलं. सत्तरीचा तो माणूस गुडघ्यांवर हात टेकवत वाकला आणि त्यानं तिच्या पायांना हात लावला.

"चुकलं माहं, बाई. मीच पेटवला व्हता. धुरानंच झालं तुला, उन्हानं न्हाई. माफ कर."

सेजलनं पाय मागं ओढून घेतले आणि बापाच्या मागं लपली.

दिपानं हे दृश्य अकरा महिने मनात रंगवलं होतं. त्यात तो माणूस लहान व्हायचा, लोक तोंड फिरवायचे, त्याचा आवाज फाटायचा. इथं पुनमचंदनी डोळे पुसले. "नायक असावा तर असा!" कुणीतरी ओरडलं. सुरजनं सगळं मोबाईलमध्ये घेतलं होतं. दिवस मावळायच्या आत ते आसपासच्या चार तांड्यांत पोचलं. दुसऱ्या दिवशी नरसीहून कुणी पाहुणा मुद्दाम नायकांना भेटायला आला. खेमा नायकांनी ओट्यावर बसून त्याला पहिल्यापासून सगळं सांगितलं, वाकून दाखवलंसुद्धा. तिला त्यांना झुकलेलं बघायचं होतं. ते झुकले, आणि वीतभर उंच झाले.

निर्मलाबाई म्हणाली, "आता तरी शांत झालीस का?"

"न्हाई," दिपा म्हणाली.

एप्रिल लागला. तांड्यात एकही धुरा पेटला नाही. तरी एका सकाळी दिपाला वास आला. ती अंगणात गेली, नाक वर केलं. ओढ्यापलीकडच्या शिवारात धुराची बारीक काळी रेघ उभी होती. तिनं चादर भिजवून खिडकीला लावली, सेजलला आतल्या खोलीत बसवलं, पुढ्यात खेळणी टाकली आणि दार ओढून घेतलं. मागं वळली तर ओट्यापाशी नायक उभे. पायात वहाणा नव्हत्या. ओढ्याकडून घाईनं आले होते.

"सेजल आत हाय," दिपा दाराकडे बघत म्हणाली.

"असू दे आत. तिला बोलवू नको. तूच ऐक." नायकांनी घाम पुसला. "ओढ्यापलीकडचे लोक पेटवून राहिले. आज एक पेटवला, उद्या सगळे पेटवणार. वारं तिकडून आपल्याकडं येतं. काल मी गेलो व्हतो त्यांच्याकडं."

"मग?"

"ओरडलो. म्हणलं, तुमाला अक्कल हाय का? ते म्हणले, नायक, उन्हाळा काय आजचा हाय का?" ते ओट्याला टेकले. "तू चल. माह्याशी बोललीस तसं बोल त्यांच्याशी. तुला येतं ते."

दिपानं पदर कपाळाखाली ओढला नाही. इतक्या जवळून ती त्यांचा चेहरा पहिल्यांदाच बघत होती. पापण्यांवर राख होती.

"माझं लेकरू दवाखान्यात श्वास ओढत होतं तवा तुमी हसवलं लोकांना," ती म्हणाली.

"व्हय."

"मी माफ केलं न्हाई तुमाला."

"ठाऊक हाय."

"तिथं गेल्यावर मी बोलणार. तुमी एक शब्द काढायचा न्हाई. कुणी तुमाला काही म्हणलं तरी."

खेमा नायकांनी ओढ्यापलीकडच्या धुराकडे पाहिलं. मग ते म्हणाले, "न्हाई काढणार."

"उद्या सातला निघू," दिपा म्हणाली. "वारं दहाला सुटतं."